बिनशेपटीचा उंदीर

आमच्या लहानपणी उंदीर ही विकत घ्यायची वस्तू नव्हती. विकत घ्यायचा तो पिंजरा. उंदीर फुकट मिळे, आणि तोही न मागता. गिरगावातल्या आमच्या चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाला आपापला उंदीर असे, आणि "तुमचा उंदीर आमच्या फडताळात आला" यावरून शेजाऱ्यांत भांडणंही होत. पिंजऱ्यात भजं अडकवायचं की सुक्या खोबऱ्याचा तुकडा, यापलीकडे उंदराच्या बाबतीत निवडीचा प्रश्न कधी उभा राहिला नाही. त्यामुळे बँकेतल्या माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आमच्या चिरंजीवांनी तीन उंदरांची नावं लिहिलेला कागद माझ्यासमोर ठेवला आणि "बाबा, यातला कोणता घेऊ?" असं विचारलं, तेव्हा पिढ्यांमधलं अंतर म्हणतात ते हेच, याबद्दल माझी खात्री पटली.

हा उंदीर अर्थात कॉम्प्युटरचा. त्याला 'माउस' म्हणतात ते शेपटीमुळे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट नावाच्या गृहस्थांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ साली पहिला माउस बनवला. तो चक्क लाकडाचा होता. खाली दोन चाकं, वर एकच बटण आणि मागून निघालेली वायर. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एंगलबार्टसाहेबांनी भरसभेत त्याचं प्रात्यक्षिक केलं. म्हणजे माउस काय आणि मी काय, थोड्याफार फरकाने एकाच पिढीतले. फरक इतकाच की त्याच्यात तेव्हापासून पुष्कळ सुधारणा झाल्या.

बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हाचे माउस मला चांगले आठवतात. त्यांच्या पोटात एक रबरी गोळी असे. टेबलावरची सगळी धूळ ती पोटात घेई आणि पंधरा दिवसांनी अडून बसे. मग माउस उताणा करायचा, झाकण फिरवून गोळी काढायची आणि आतल्या रुळांवरची मळी नखाने खरवडायची. दुपारच्या चहाआधी आमच्या काउंटरवर चार चार जण हे काम करत बसलेले असत. आताच्या माउसला गोळी नाही. त्याच्या पोटात बारकासा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी नवा ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. आमच्या संपूर्ण लग्नात मिळून छत्तीस फोटो निघाले होते, आणि त्यातल्या अकरांत माझे डोळे मिटलेले आहेत.

तर चिरंजीवांना हवा होता गेमिंगचा माउस, आणि तोही वायरलेस. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि कॉलेजच्या व्हॅलोरंटच्या संघात खेळतात. हा पाच विरुद्ध पाच असा बंदुकांचा खेळ. "खेळ म्हणजे मैदानावर घाम गाळायचा असतो" असं मी एकदाच म्हणालो होतो. त्यावर भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सना क्रीडा मंत्रालयाच्या छत्राखाली आणल्याचं आणि २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्यांना पदकं दिल्याचं मला इतक्या शांतपणे सांगण्यात आलं की घाम मलाच फुटला.

शिवाय पैसे त्याचे होते. इमारतीतल्या दोन मुलांना चार महिने गणित शिकवून त्याने ते साठवले होते. पैसे आपले असले की बापाला 'नाही' म्हणता येतं. पैसे मुलाचे असले की बापाकडे फक्त सल्ला उरतो. आणि सल्ला द्यायचा तर विषय समजून घ्यावा लागतो, हा त्यातला सर्वांत मोठा तोटा.

"पण आहे त्या माउसला काय झालं?" मी प्राथमिक चौकशी सुरू केली.

"तो एकदा दाबला की दोनदा दाबतो."

त्याचं असं असतं म्हणे की बटणाखाली तांब्याची एक इवलीशी पट्टी असते. लाखो वेळा दाबून ती थकते आणि एकदा टेकण्याऐवजी थरथरत दोनदा टेकते. कॉम्प्युटरला वाटतं, साहेबांनी दोनदा हुकूम सोडला. आमच्या बँकेतही काही शिपाई निवृत्तीच्या सुमाराला एकच चहा दोनदा आणत, त्यामुळे हे मला लगेच पटलं. नव्या माउसांपैकी काहींत ही पट्टीची भानगडच नाही. बटण दाबलं की आतल्या प्रकाशाच्या किरणाची वाट मोकळी होते आणि तोच निरोप समजायचा. प्रकाश थकत नाही.

"आणि वायर का नको?"

"ओढते," तो म्हणाला. "हात वळवला की वायर टेबलाच्या कडेला अडते. मागच्या सामन्यात शेवटच्या फेरीत अडली होती."

एवढं बोलून तो गप्प झाला. तो सामना ते हरले होते, हे मला त्याच्या आईकडून माहीत होतं. त्या रात्री तो जेवला नव्हता, हेही.

मला लहानपणची सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट आठवली. मुलं चिडवतात म्हणून तो रोज एकेक शेपूट कापून घेतो आणि शेवटी बिनशेपटीचा झाल्यावर मुलं पुन्हा चिडवतातच. माउसचं नेमकं तेच झालं आहे. ज्या शेपटीमुळे नाव मिळालं ती गेली, नाव राहिलं. फरक एवढाच की बिनशेपटीचा हा उंदीर शेपटीवाल्यापेक्षा महाग पडतो.

आता त्या कागदाकडे येतो. कागदावर तीन उमेदवार होते. पहिला लॉजिटेकचा जी ३०४, दुसरा त्याच कंपनीचा जी प्रो एक्स सुपरलाइट २, आणि तिसरा रेझरचा व्हायपर व्ही ३ प्रो. पहिला सोडला तर बाकीच्यांच्या किमती पाच आकडी. व्हायपर म्हणजे विषारी साप. उंदराला सापाचं नाव का, अशी मी शंका काढली. तेव्हा कळलं की या कंपनीची परंपराच तशी आहे. १९९९ साली त्यांनी पहिला गेमिंग माउस काढला तो 'बूमस्लँग', म्हणजे आफ्रिकेतला झाडावरचा साप. पुढे 'डेथअॅडर' आला, 'नागा' आला. मुलाचं नाव 'मांजरेकर' असलं तर घरातले उंदीर पळतात अशातलाच हा प्रकार. पण नागाचं नाव ऐकून आमची ही मात्र जरा सावरून बसली.

प्रत्येक उमेदवारापुढे आकडे होते. आकड्यांना मी घाबरत नाही, आयुष्य त्यांच्यात गेलं. पण हे आकडे वेगळ्याच पोटजातीचे होते. पहिला डीपीआय. माउस टेबलावर एक इंच सरकवला की तो कॉम्प्युटरला किती पावलं मोजून सांगतो, ते म्हणजे डीपीआय. जी ३०४ चा १२,०००. सुपरलाइट २ बाजारात आला २०२३ साली, तेव्हा त्याचा ३२,०००. व्हायपरचा ३५,०००. मी सवयीने पेन्सिल काढली. पडदा आडवा १,९२० ठिपक्यांचा. ३२,००० ला १,९२० ने भागलं तर आले साडेसोळा आणि वर थोडे. म्हणजे टेबलावर माउस एक इंच हलवला की बाण साडेसोळा पडदे ओलांडून जाणार. आमच्या डोंबिवलीच्या घरात सुरू झालेला बाण आमच्या घरात संपणारच नाही.

"मग तू किती ठेवणार?" मी विचारलं.

"आठशे."

"हजार?"

"नाही, नुसते आठशे. मोठमोठे खेळाडूही चारशे, आठशे, फार तर सोळाशे ठेवतात."

मी पेन्सिल खाली ठेवली. बत्तीस हजारांची पात्रता विकत घ्यायची आणि वापरायची आठशेची. मग एकदम ध्यानात आलं की यात नवीन काही नाही. आम्हीही एम.कॉम. होऊन नोटाच मोजल्या.

दुसरा आकडा हर्ट्झचा. माउस आपली खबर कॉम्प्युटरला सेकंदाला किती वेळा देतो, तो हिशेब. ऑफिसातला साधा माउस १२५ वेळा देतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी एकदा. गेमिंगचा हजार वेळा, दर एका मिलिसेकंदाला. आणि व्हायपर तर ८,००० वेळा देऊ शकतो. म्हणजे मिलिसेकंदाच्या आठव्या भागाला एकदा. डोळ्यांना काही दिसल्यावर बोट दाबायला माणसाला सुमारे दोनशे मिलिसेकंद लागतात, आणि ते तरण्या माणसाला. मला हाक मारल्यापासून मी "काय?" म्हणेपर्यंत किती लागतात, ते हिला विचारा. ज्या घरात माणसं तासाने उत्तर देतात त्या घरात उंदराने सेकंदाला आठ हजार वेळा हजेरी लावावी, हे मला जरा बोचलं. पुन्हा जितकी हजेरी जास्त तितकी बॅटरी लवकर खलास. नोकरीचा हा नियम उंदरालाही चुकला नाही.

तिसरा आकडा वजनाचा, आणि इथे माझं अर्थशास्त्र आडवं झालं. आजवर मी जे जे विकत घेतलं ते जास्त वजनाला जास्त पैसे देऊन. कांदे काय, सोनं काय, रद्दी विकताना काय, हा नियम मोडलेला मी पाहिला नव्हता. इथे जी ३०४ चं वजन ९९ ग्रॅम आणि तो सर्वांत स्वस्त. सुपरलाइट २ चं ६० ग्रॅम. व्हायपरचं ५४ ग्रॅम, म्हणजे एका कोंबडीच्या अंड्याएवढं. जितका माल कमी तितके पैसे जास्त! काही कंपन्यांनी तर वजन घटवण्यासाठी माउसच्या पाठीला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली होती. त्यांचा फोटो पाहून ही म्हणाली, "अनारशाची जाळी छान पडली आहे." जी ३०४ मध्ये पेन्सिल सेल असतो. साध्या सेलचं वजन तेवीस ग्रॅमच्या आसपास. लिथियमचा घातला तर पंधरा. म्हणजे आठ ग्रॅम वाचले, असं चिरंजीवांनी ज्या आनंदाने सांगितलं, त्या आनंदाने मी कधी पगारवाढही सांगितली नव्हती.

राहता राहिली बिनतारी संदेशाची व्यवस्था. नखाएवढा एक तुकडा कॉम्प्युटरला खोचायचा आणि तो माउसशी २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. ब्लूटूथवरही चालतं, पण ते खेळाला मंद. आता या २.४ च्या वाटेवर घरातलं वायफायही चालतं आणि मायक्रोवेव्हही त्याच शेजारचा. म्हणून तो तुकडा कॉम्प्युटरच्या पाठीमागे न खोचता वायर लावून माउसच्या जवळ आणून ठेवायचा. म्हणजे वायर नको म्हणून घेतलेल्या माउससाठी एक वायर. मी काही बोललो नाही. "सामना चालू असताना मायक्रोवेव्ह नको लावू हं, आई," एवढं मात्र चिरंजीव बोलून गेले. "बरं," ती म्हणाली, "आमटी मी तुझ्या कॉम्प्युटरवर तापवीन. तो तसाही रात्रभर तापलेलाच असतो."

दोन दिवस आमची तिन्ही उमेदवारांवर चर्चा चालली. तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर ही मला हळूच म्हणाली, "तुमचं ते हर्ट्झ आणि डीपीआय झालं असेल तर एक विचारू? तो रात्री मनगट चोळत असतो, ते पाहिलंय का तुम्ही?"

मी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "उंदीर हातात कसा बसतो, ते त्या कागदावर कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. खरं तर माउस धरण्याचं एक शास्त्र आहे आणि त्यात तीन पंथ आहेत. पहिला अख्खा तळहात माउसवर टेकवणाऱ्यांचा. दुसरा बोटं वाकवून पंजा रोवणाऱ्यांचा. तिसरा नुसत्या बोटांच्या टोकांनी माउस नाचवणाऱ्यांचा, तळहात वर तरंगता. साध्या भाषेत सांगायचं तर एक पोळपाटावर हात टेकणारा, एक खवणीवर नारळ धरणारा, आणि एक रांगोळी काढणारा. आमचे चिरंजीव पहिल्या पंथाचे. तेव्हा हाताचं माप महत्त्वाचं. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी, आणि अंगठा सोडून चार बोटांची रुंदी.

मी कपाटातून फूटपट्टी काढली. त्याने हात टेबलावर पसरला आणि मी तो धरून सरळ केला. साडेएकोणीस सेंटिमीटर. गंमत म्हणून मी माझा तळहात त्याच्या तळहाताला लावला. त्याची बोटं माझ्याहून जवळजवळ पेरभर पुढे गेली होती. हा हात मी शेवटचा धरला तो रस्ता ओलांडताना. तेव्हा तो माझ्या मुठीत मावून वर जागा उरे. आम्ही दोघांनीही काही बोलायचं टाळलं. तो म्हणाला, "बाबा, रुंदी राहिली." मी रुंदी मोजली. दोनदा मोजली.

रविवारी आम्ही तिघं लॅमिंग्टन रोडला गेलो. कागदोपत्री त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण त्या नावाने विचारलं तर तिथले दुकानदारही बोट दुसरीकडे दाखवतील. डोंबिवलीहून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. ही बरोबर येण्याचं तसं कारण नव्हतं, पण "मी येते" असं ती म्हणाली आणि आमच्या घरात या वाक्याला चर्चा नसते.

दुकानदाराने काचेवर खोकी मांडली. "खोकं उघडलं की माल तुमचा," हे त्याने आधीच सांगून टाकलं. पण दाखवायचे म्हणून चारपाच माउस बाहेर होते. चिरंजीवांनी व्हायपर धरला. "हलका आहे," म्हणाले. सुपरलाइट धरला. "हाही हलका आहे." दोन्हींचा आकार डावी-उजवीकडून एकसारखा. पण त्याच्या मोठ्या हाताखाली पाठ जरा सपाट पडत होती आणि तळव्याचा खळगा रिकामा राहत होता.

आणि मग हिने सूत्रं हातात घेतली. इथे एक सांगायला हवं. मागच्या वर्षी हिला नवं लाटणं घ्यायचं होतं. दादरच्या एका दुकानात तिने सव्वा तास लाटणी पाहिली. प्रत्येक लाटणं तिने दोन्ही तळव्यांत धरून हवेत फिरवलं. डोळे मिटून. हे जड, हे मध्ये फार फुगीर, याची टोकं बोटांना बोचतात. शेवटी एक उचलून म्हणाली, "हे. हे हातात आहे ते कळत नाही." त्या दिवशी मी दुकानाबाहेर चहा पीत हसलो होतो. त्या लाटण्याने ती वर्षभर रोज वीस पोळ्या करते आहे, आणि मनगटाला लावायचा बाम तेव्हापासून आणलेला नाही.

"डोळे मीट," तिने मुलाला सांगितलं.

"आई, इथे?"

"मीट म्हणते ना."

त्याने मिटले. दुकानदारही पुढे वाकून पाहू लागला. हिने एकेक माउस त्याच्या हाताखाली सरकवला. तिसऱ्यानंतर तिने फळीवरचा चौथा मागितला, जो कागदावर नव्हताच. तो डेथअॅडर व्ही ३ प्रो होता. २०२२ सालचा, म्हणजे या जगात वयस्कर. वजन ६३ ग्रॅम, म्हणजे यादीतल्या दोघा महागांपेक्षा जड. आकडे त्यांच्या मागे. पण हा फक्त उजव्या हातासाठी घडवलेला, पाठीला उंचवटा आणि डावीकडून उजवीकडे उतरता. चिरंजीवांचा पंजा त्याच्यावर गेला आणि खांदे आपोआप खाली आले. तो काही बोलायच्या आधीच ही म्हणाली, "हा."

"पण आई, हा नऊ ग्रॅमने जास्त..."

"हातात आहे ते कळतं का?"

तो क्षणभर थांबला. "नाही," म्हणाला.

दुकानदाराने बिल करताना हिला विचारलं, "भाभी, आप भी गेमिंग करती हैं?" ही म्हणाली, "रोज. सुबह-शाम."

तेव्हापासून घरात शांतता आहे. मनगट चोळणं थांबलं आहे, असं हिचं म्हणणं, आणि या खात्यात तिचा शब्द शेवटचा. संघ पुढचा सामना जिंकला, त्याच्या पुढचा हरला. हरल्याच्या रात्री तो जेवला, दोन पोळ्या जास्तच.

जुना शेपटीवाला माउस मात्र माझ्याकडे आला आहे. आमच्या लहानपणी थोरल्याचे कपडे धाकट्याला येत, शर्ट वरून खाली उतरत उतरत शेवटी पायपुसणं होई. आता ओघ उलटा आहे. मुलाचा जुना फोन बापाला, मुलाचे जुने बूट बापाला, आणि आता मुलाचा जुना उंदीर. तो अजून एकदा दाबला की दोनदा दाबतो, त्यामुळे विजेचं बिल भरताना मी श्वास रोखून बसतो. पत्ते खेळायला तो उत्तम आहे. त्याच्या डाव्या बाजूला वर्षानुवर्षं अंगठा टेकून टेकून एक गुळगुळीत खळगा पडला आहे. माझा अंगठा तिथे जरासा कमी पडतो. पण हात तिथे ठेवायला बरं वाटतं.